सुट्टीच्या अभ्यासातलं गणित अडलं तर मदत कशी मागायची

मे महिन्यात अडलेलं गणित शाळेच्या दिवसांतल्यापेक्षा जास्त छळतं. शाळा बंद, क्लास बंद, बाई त्यांच्या गावी, शेजारच्या बाकावरची मैत्रीण मामाकडे. जून उजाडतो. शाळा 15 जूनच्या आसपास उघडणार, विदर्भात ऊन जास्त म्हणून आणखी थोडी उशिरा. आणि वहीत तेवढं एक पान कोरं राहिलेलं असतं. मग घाईघाईने कुणाकडून तरी उत्तर उतरवून घेतलं जातं, पान भरतं, आणि तेच गणित चाचणीत परत आलं की परत अडतं.

हा लेख मुख्यतः सातवी-आठवी-नववीच्या मुलांसाठी आहे. मधला एक भाग घरातल्या मोठ्यांसाठी आहे, तो त्यांना आवर्जून वाचायला द्या. मदत मागणं ही शिकायची गोष्ट आहे, आणि नीट मागितली तर दहा मिनिटांत काम होतं असा माझा अनुभव आहे. पुढचं सगळं एकाच गणिताच्या आधाराने सांगतो. असली गणितं आजोबांच्या वेळीही होती, तेव्हा ती हौद आणि तोट्यांची असत.

‘एक रिकामी टाकी वरच्या पहिल्या नळाने 6 तासांत आणि दुसऱ्या नळाने 8 तासांत भरते. तळाच्या नळाने पूर्ण भरलेली टाकी 12 तासांत रिकामी होते. सकाळी 7 वाजता वरचे दोन्ही नळ सोडले. दोन तासांनी लक्षात आले, की तळाचा नळ उघडाच राहिला आहे. तो लगेच बंद केला. तर टाकी किती वाजता भरेल?’

पहिली पायरी : गणित स्वतःच्या हाताने उतरवून घ्या

सुट्टीचा अभ्यास हल्ली बहुतेक वेळा झेरॉक्सवर किंवा वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या फोटोत येतो. फोटो तिरका, कडेचा शब्द कापलेला, आकडा पुसट. वरच्या गणितातल्या 12 मधला 1 उडाला तर 2 उरतो. मग तळाचा नळ टाकी दोनच तासांत रिकामी करू लागतो, आणि वरचे दोन्ही नळ मिळूनही त्याला पुरे पडत नाहीत. 9 वाजता तो बंद होईपर्यंत टाकी रिकामीच राहते, आणि शेवटी उत्तर उत्तरसूचीशी जुळत नाही. मूल मात्र तासभर स्वतःची चूक शोधत बसतं.

म्हणून पूर्ण गणित वहीत उतरवा, अगदी ‘तर’पासून प्रश्नचिन्हापर्यंत. आकडा संशयास्पद वाटला तर दुसऱ्या कुणाच्या तरी प्रतीवर पडताळून घ्या. गावाला जाताना पुस्तक घरी राहिलं असेल तर बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, फोनवर उतरवून घेता येतात. भूमितीचं गणित असेल तर आकृतीही स्वतः काढा, आणि मापं व नावं जिथल्या तिथे लिहा.

उतरवून घेण्याचा आणखी एक फायदा आहे. डोळ्यांनी वाचताना निसटलेला शब्द लिहिताना हाताखालून जातो. आपल्या गणितात तसा शब्द आहे ‘उघडाच’. तळाचा नळ दोन तासांनी उघडला असं गणित म्हणत नाही. तो सकाळी 7 पासूनच उघडा होता, लक्षात मात्र 9 वाजता आलं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

दुसरी पायरी : दिलेलं काय, काढायचं काय

हे बाई वर्गात रोज सांगतात, आणि आपण रोज टाळतो. दोनच ओळी लागतात. दिलेलं : नळांचे तास 6, 8 आणि 12; वरचे नळ 7 वाजता सुरू; तळाचा नळ 7 ते 9 उघडा, 9 नंतर बंद. काढायचं : टाकी भरण्याची वेळ. किती तास लागतील एवढंच काढून थांबायचं नाही, घड्याळात किती वाजले असतील ते हवं आहे. ‘4 तास’ असं उत्तर लिहून गुण गमावणारी मुलं कमी नाहीत.

तिसरी पायरी : अर्धा तास स्वतःचा

मदत मागण्याआधी अर्धा तास स्वतः झटापट करा. त्याहून फार जास्त नको. दोन-दोन दिवस एकाच गणिताशी भांडून गणिताचाच कंटाळा आलेली मुलं मी पाहिली आहेत. पण अर्धा तास द्यायलाच हवा, नाहीतर काय विचारायचं तेच कळत नाही.

या अर्ध्या तासात नुसतं गणिताकडे बघत बसू नका, काहीतरी करून बघा. टाकीच्या गणितात आकडे अपूर्णांकात जातात आणि गोंधळ होतो, तर टाकी सोयीच्या मापाची धरा. 6, 8 आणि 12 यांचा लसावि 24. टाकीत 24 बादल्या पाणी मावतं असं समजा. मग पहिला नळ तासाला 4 बादल्या ओततो, दुसरा 3, आणि तळाचा नळ 2 बादल्या बाहेर काढतो. अपूर्णांक गेले, उरली साधी बेरीज-वजाबाकी. शेकडेवारीच्या गणितात किंमत 100 धरा. वयाच्या गणितात एखादं वय अंदाजाने घालून बघा आणि किती चुकतं ते पाहा. भूमितीत आकृती मोठी काढा, लहान आकृतीत कोन दिसत नाहीत.

पुस्तकातली सोडवलेली उदाहरणंही याच वेळात बघायची. सरावसंचाच्या आधीची दोन-तीन पानं बहुतेक मुलं न वाचता उलटतात, आणि मदत बरेचदा तिथेच असते. सम आणि व्यस्त प्रमाण सातवीत येऊन गेलेलं असतं, एकचल समीकरणं आठवीत येतात. आत्ताच्या पुस्तकात सापडलं नाही तर एक इयत्ता मागे जाऊन बघा. त्यात कमीपणा काहीच नाही.

चौथी पायरी : कुठल्या ओळीवर अडलं ते शोधा

मदतीचं सगळं यश या पायरीवर अवलंबून आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

‘मला हे गणित येत नाही’ हे वाक्य जवळजवळ कधीच खरं नसतं. गणिताचा बराच भाग येत असतो, एका ओळीवर गाडी अडकलेली असते. ती ओळ बोट ठेवून दाखवता आली की निम्मी मदत आपली आपल्यालाच झालेली असते.

समजा तुम्ही असं केलंत : 4 + 3 − 2 = 5, म्हणजे तासाला 5 बादल्या. 24 ÷ 5 = 4.8 तास, म्हणजे 4 तास 48 मिनिटं. टाकी 11 वाजून 48 मिनिटांनी भरेल. मागे उत्तरसूचीत उत्तर आहे 11. आता कुठे चुकलं?

प्रत्येक ओळीसमोर तिचा अर्थ शब्दांत लिहा. ‘तासाला 5 बादल्या भरतात’ असं लिहिलंत, की लगेच विचारता येतं : कधीपासून कधीपर्यंत? तळाचा नळ उघडा आहे तोपर्यंतच. 9 नंतर काय, याबद्दल आपण काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे अडचण भागाकारात नाही, लसाविमध्येही नाही. ‘बंद केला’ हे वाक्य आपल्या गणितात कुठेच उतरलेलं नाही, ही अडचण आहे. हे स्वतःला दिसलं तर कदाचित मदतीची गरजच उरणार नाही. दिसलं नाही तरी निदान ‘बेरीज बरोबर आहे, पण नळ बंद केल्याचा हिशोब कुठे धरायचा ते कळत नाही’ एवढं तरी सांगता येतं.

पाचवी पायरी : कुणाला, आणि कसं विचारायचं

आधी वर्गातलं कुणीतरी. त्याने तेच पुस्तक, त्याच बाईंकडून शिकलेलं असतं, त्यामुळे त्याची भाषा आपल्याला लवकर कळते. मग घरातलं किंवा शेजारचं मोठं माणूस : ताई, कॉलेजला जाणारा दादा, आजोबा. बाईंना किंवा सरांना सगळ्यांत शेवटी विचारावं. त्या नाही म्हणतील म्हणून नव्हे, सुट्टी त्यांचीही असते म्हणून. बाईंनी शंका विचारायची परवानगी दिली असेल तर दिवसा, जेवणाची वेळ टाळून, एकच व्यवस्थित मेसेज पाठवा. तीन-चार अडलेली गणितं असतील तर ती एकदमच विचारा. रात्री दहाला फोन नको, आणि उत्तर आलं नाही म्हणून वरून प्रश्नचिन्हंही नकोत.

मेसेज कसा असावा? बहुतेक मेसेज असे असतात : ‘मॅडम 7 वं गणित येत नाहीये’, आणि खाली फोटो. बाईंना आता झेरॉक्स शोधायची, गणित वाचायचं, तुम्हाला काय येतं याचा अंदाज बांधायचा आणि पूर्ण उत्तर टाइप करायचं. त्याऐवजी असं लिहून बघा :

‘नमस्कार मॅडम. मी आठवी ब, रोल नंबर 14. सुट्टीच्या अभ्यासातलं 7 वं, टाकीचं गणित. मी टाकी 24 भागांची धरली. तिन्ही नळ चालू असताना तासाला 4 + 3 − 2 = 5 भाग भरतात. त्यावरून 11.48 हे उत्तर आलं, पण उत्तरसूचीत 11 आहे. तळाचा नळ 9 वाजता बंद केला हे कुठे धरायचं ते कळत नाही. सवडीने सांगाल का? वहीच्या पानाचा फोटो सोबत आहे.’

याला बाईंना एका ओळीत उत्तर देता येतं : ‘9 वाजेपर्यंत किती भाग भरले ते आधी वेगळं काढ.’ तेवढ्यावर पुढचं गणित तुमचं तुम्ही करता. 7 ते 9 या दोन तासांत 10 भाग भरले. उरले 14. आता तळाचा नळ बंद, म्हणजे तासाला 7. आणखी दोन तास. 11 वाजले.

फोटो काढताना पान सपाट ठेवा, उजेडात धरा, पेन्सिलीचं लिखाण गडद करा. खोडलेल्या ओळी झाकू नका. चूक बहुतेक वेळा तिथेच असते, आणि सांगणाऱ्याला तीच बघायची असते.

घरातल्या मोठ्यांसाठी

मूल वही घेऊन आलं की पेन आपल्या हातात घेऊ नका. पेन त्याच्याच हातात राहू द्या आणि ‘कुठपर्यंत आलास?’ एवढंच विचारा. निम्म्या वेळा सांगता सांगता त्यालाच चूक दिसते.

पद्धतीवरून मात्र घरोघरी गोंधळ होतो. आजोबा त्रैराशिकाने किंवा एका तासाच्या कामाने जातात, आठवीतली नात समीकरण मांडते. टाकी भरायला क्ष तास लागले असं धरलं तर पहिल्या नळाने क्ष/6 भाग भरला, दुसऱ्याने क्ष/8, आणि तळाच्या नळाने 2/12 भाग घालवला. म्हणून क्ष/6 + क्ष/8 − 2/12 = 1. यातून 7क्ष/24 = 7/6, आणि क्ष = 4. बादल्यांनीही चारच तास आले होते. दोन्ही रस्ते बरोबर आहेत, पण मूल ज्या रस्त्याने निघालं आहे त्याच रस्त्याने त्याला आधी पोचू द्या. आपली पद्धत नंतर दाखवा, दोन पद्धतींनी एकच उत्तर आलेलं बघून मुलं खूश होतात. सेमी इंग्रजीतल्या मुलांना लसावि, मसावि, छेद, अंश हे शब्द ओळखीचे नसतील तर एलसीएम, एचसीएफ म्हणा आणि पुढे चला.

‘एवढं सोपं येत नाही?’ हे मात्र कधीच म्हणू नका. ते एकदा ऐकलेलं मूल पुढच्या वेळी विचारायला येत नाही, आणि मग त्याचं काय अडलं आहे ते घरात कुणालाच कळत नाही.

आणि तुम्हालाही येत नसेल तर सरळ सांगा, ‘मलाही बघावं लागेल, चल दोघं मिळून बघू.’ मोठं माणूस कागद घेऊन धडपडताना दिसणं हेही मुलांसाठी मोठं शिक्षण आहे.

फोनवरची मदत

फोटो काढला की गणित सोडवून देणारी अॅप आहेत, एआय चॅटबॉट आहेत, आणि मुलं ती वापरणारच. वापरू नका असं मी म्हणत नाही. दोन गोष्टी मात्र जपा.

पहिली, फोटो टाकल्यावर अॅपने गणित काय वाचलं ते आधी तपासा. पुसट 12 चा 2 तिथेही होऊ शकतो. शाब्दिक गणितात ‘उघडाच राहिला’चा अर्थ भलताच लावून पायऱ्या मात्र छान मांडलेल्या असू शकतात. चुकीचं उत्तरही तेवढ्याच ठामपणे येतं.

दुसरी, काय मागता ते बदला. ‘हे सोडव’ म्हटलं की पूर्ण उत्तर येणार, ते वहीत जाणार, आणि डोक्यात काहीच राहणार नाही. त्याऐवजी लिहा : ‘उत्तर सांगू नको. मी अशा पायऱ्या केल्या आहेत. यातली पहिली चुकलेली पायरी कुठली, एवढंच सांग.’ नाहीतर : ‘याच प्रकारचं, पण सोपं एक उदाहरण दे.’ पाचव्या पायरीतला बाईंना लिहिलेला मेसेज इथेही तसाच चालतो. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले असतात. दीक्षा अॅपने ते स्कॅन केले की त्या प्रकरणाशी संबंधित साहित्य मिळतं. अॅपकडून उत्तर घेण्याआधी तेही एकदा बघा.

उत्तर जुळलं, तरी तपासा

आता मघाचा ‘उघडाच’ हा शब्द. समजा एखाद्याने उलटं समजून घेतलं : पहिले दोन तास तळाचा नळ बंद होता, 9 वाजल्यापासून तो उघडा. मग पहिल्या दोन तासांत 14 बादल्या, उरल्या 10, पुढे तासाला 5, म्हणजे आणखी दोन तास. उत्तर 11!

गणित उलटं वाचलं, आणि उत्तर उत्तरसूचीशी तंतोतंत जुळलं. या आकड्यांत नळ उघडा असल्याचे दोन तास आणि बंद असल्याचेही दोनच, म्हणून अदलाबदल लपून गेली. अशा वेळी बरोबरची खूण करून मूल पुढे जातं, आणि पुढचं गणित चुकलं की आधीचं बरोबर कसं आलं होतं याचा त्याला उलगडा होत नाही.

ही चूक पकडायची सोपी युक्ती म्हणजे एक आकडा बदलून तेच गणित पुन्हा करणं. दोन तासांऐवजी तीन तासांनी लक्षात आलं असं धरा. बरोबर वाचनाने तीन तासांत 15 बादल्या, उरल्या 9, तासाला 7 प्रमाणे 1 तास आणि साधारण 17 मिनिटं. टाकी सुमारे 11 वाजून 17 मिनिटांनी भरते. उलट्या वाचनाने 21 बादल्या, उरल्या 3, त्यांना 36 मिनिटं, म्हणजे 10 वाजून 36 मिनिटं. आता दोन उत्तरं वेगळी झाली, आणि कुठलं पटतं ते विचारता येतं. तळाचा नळ आणखी एक तास उघडा राहिला तर टाकी भरायला उशीरच होणार. 10.36 ही वेळ 11 च्या आधीची आहे, म्हणजे ते वाचन चुकीचं.

दुसरा ताळा अंदाजाचा. तळाचा नळ मुळातच बंद असता तर 24 ÷ 7, म्हणजे साधारण 3 तास 26 मिनिटांत टाकी भरली असती, 10.26 ला. शेवटपर्यंत उघडा असता तर 11.48 ला. खरं उत्तर या दोन वेळांच्या मधेच हवं. मदत करणाऱ्याने सांगितलेलं उत्तर या पट्ट्याबाहेर गेलं तर त्यालाही नम्रपणे विचारा, मोठी माणसंही घाईत चुकतात.

मदत मिळाल्यानंतर

समजावून घेतलेलं गणित त्या क्षणी अगदी सोपं वाटतं. त्यावर विसंबू नका. मदतीचा कागद मिटा, थोडं खेळून या, आणि संध्याकाळी कोऱ्या पानावर तेच गणित पहिल्यापासून सोडवा. मधेच अडलात तर कुठे अडलात ते बघा, बहुधा तीच जुनी ओळ असते. मग तेवढंच पुन्हा विचारा. ज्याने मदत केली त्याला ‘सुटलं, धन्यवाद’ एवढा निरोप जरूर द्या. पुष्कळ मुलं उत्तर मिळालं की गप्प होतात, आणि सांगणाऱ्याला आपलं सांगणं पोचलं की नाही ते कळतच नाही.

वहीत समासात पेन्सिलीने बारीक नोंद ठेवा : ‘आजोबांच्या मदतीने’, ‘पायरी 3 ताईने सांगितली’. यात लपवण्यासारखं काही नाही. शाळा उघडल्यावर बाई वह्या तपासतील तेव्हा वर्गात कुठलं प्रकरण पुन्हा घ्यायला हवं, ते अशा नोंदींवरून त्यांना समजतं.

आणि सगळं करूनही सुटलं नाही तर? पान कोरं सोडू नका. दिलेलं काय, काढायचं काय, कुठपर्यंत आलात आणि पुढे काय कळलं नाही ते लिहा, शेजारी प्रश्नचिन्ह करा आणि वही तशीच द्या. छापलेल्या गणितातच चूक असल्याची शंका असेल तर कारणासह तेही लिहा : ‘तळाचा नळ 2 तासांत टाकी रिकामी करत असेल तर 9 वाजेपर्यंत टाकीत पाणी साठणारच नाही आणि उत्तर 11 येत नाही, येथे 12 असावेत का?’